लक्सरचे खग्रास २०२७: डोळ्यांनी पाहायचे की कॅमेऱ्यात पकडायचे?

२ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधल्या लक्सरला खग्रास सूर्यग्रहणात सूर्य सुमारे ६ मिनिटे २० सेकंद पूर्ण झाकलेला असेल. एवढी मिनिटे फार क्वचित मिळतात, त्यामुळे ती कशावर खर्चायची हे घरूनच ठरवून निघा. पहिलेच खग्रास असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: कॅमेरा आपोआप चालेल असा लावा आणि स्वतः वर बघा.

मुख्य कारण प्रभामंडळ, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवती दिसणारे त्याचे तेजस्वी बाह्य वातावरण (कोरोना). चंद्राच्या कडेला लागून असलेले प्रभामंडळ आणि तिथून दोनेक सूर्यव्यास दूरचे प्रभामंडळ यांच्या तेजात हजारपटीच्या घरातला फरक असतो. डोळा हा फरक सहज पेलतो. आतली चकाकी आणि बाहेर विरत गेलेले मोतिया रंगाचे तुरे एकत्र दिसतात. कॅमेऱ्याला हे एका फोटोत साधत नाही. एफ/८ (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ १०० (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ठेवून १/१००० सेकंद दिलात, तर गुलाबी सौरज्वाला, म्हणजे सूर्याच्या कडेवर उठलेले वायूंचे लोळ, नेमक्या येतात पण प्रभामंडळ जेमतेम कडेपुरते उरते. १ सेकंद दिलात, तर तुरे उमटतात आणि आतला भाग पांढराफटक पडतो. म्हणून १/२००० पासून १ सेकंदापर्यंतचे फोटो ओळीने काढून नंतर संगणकावर जोडतात. गाजलेले फोटो बहुतेक असेच जोडलेले असतात. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात दिसणारे चंद्रावरचे डागही त्यांत येतात, जे नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. तसेच दृश्य आकाशात शोधायला गेलात तर निराश व्हाल.

उजेड बदलतो त्याबाबतीतही डोळाच सरस. चहूकडे क्षितिजावर पसरलेली तांबूस संध्याकाळ, जमिनीवर सरपटणारे छायापट्टे (खग्रासाच्या आगेमागे दिसणाऱ्या फिक्या लहरत्या सावल्या) हे मान वळवून पाहायचे असते. फोनचा व्हिडिओ इथे फसवतो. एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) आपोआप बदलू दिले तर काळोख पडलाच नाही असे वाटते, आणि लॉक केले तर खग्रास सुरू होताच पडदा काळा. तरीही फोन रुंद लेन्सवर, आपोआप एक्स्पोजरवर, एका जागी उभा करून ठेवाच. सोबतच्या लोकांचे आवाज मिळतात. त्यात सूर्य टिकलीएवढा दिसणार, हे गृहीत धरा.

खंडग्रास टप्प्यात मात्र कॅमेरा जिंकतो. ग्रहणचष्म्यातून फक्त मोठे सौरडाग दिसतात, तर ५०० मिमी लेन्सला बारीक डागही दिसतात. फिल्टर लेन्सच्या पुढेच हवा. चष्मा घालून दुर्बिणीत किंवा फिल्टर नसलेल्या लेन्सच्या व्ह्यूफाइंडरमध्ये पाहणे सर्वांत घातक, कारण एकवटलेले किरण चष्म्याची फिल्म जाळून आत शिरतात. दृष्टिपटल भाजताना दुखतही नाही, त्यामुळे वेळेवर कळत नाही.

फोटोच काढायचे असतील तर लक्सरची अडचण समजून घ्या. ग्रहणाच्या वेळी सूर्य ८० अंशांहून वर, जवळजवळ डोक्यावर असेल. साध्या ट्रायपॉडवर लांब लेन्स इतकी उभी करताना ती पायांना अडते आणि स्क्रीन जमिनीकडे तोंड करतो. वळणारा स्क्रीन नसेल तर तुम्ही वाळूत आडवे. निघण्याआधी घरच्या गच्चीवर भर दुपारी, फिल्टर लावून, हे एकदा करून बघा. ५०० मिमीवर स्थिर ट्रायपॉडवरून १ सेकंदाच्या फोटोत सूर्य ८-९ पिक्सेल सरकतो. बारकावे हवेत तर सूर्याचा माग काढत कॅमेरा फिरवणारे माउंट लागेल, नाहीतर आयएसओ वाढवून १/४ सेकंदावर थांबा. फोकस हाताने, फिल्टरमधून सूर्याच्या कडेवर करा. ऑगस्टच्या उन्हात लेन्स तापून तो हलतो, म्हणून वर पांढरे कापड टाका आणि खग्रासाच्या दहा मिनिटे आधी पुन्हा तपासा. लेन्सवरचा फिल्टर साधारण २० सेकंद आधी काढायचा. सर्वाधिक फोटो इथेच वाया जातात: गडबडीत फिल्टर तसाच राहतो किंवा ओढताना फोकसची रिंग फिरते. रिंगला चिकटपट्टी लावा. आणि स्क्रीनची चमक अगदी कमी ठेवा, कारण अंधाराला सरावलेला डोळा एका झगमगीत स्क्रीनने बिघडतो आणि बाहेरचे तुरे हातचे जातात.

मधला मार्गही आहे: १० बाय ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण. सूर्य पूर्ण झाकल्यावर, फिल्टरशिवाय, मिनिटभर पाहा. सौरज्वालांचा गुलाबी रंग कुठल्याही फोटोपेक्षा तिच्यातून खरा दिसतो. खग्रास सुरू झाल्यापासून पाच मिनिटांवर गजर लावा आणि तो वाजताच दुर्बीण खाली ठेवा. दुसरी हिऱ्याची अंगठी, म्हणजे खग्रास संपताना सूर्यकडेचा पहिला लखलखता ठिपका, उमटली की चष्मा परत डोळ्यांवर.

महाराष्ट्रातून त्याच दिवशी ग्रहण खंडग्रासच आहे, तेही पावसाळ्यात. इथे चष्मा किंवा फिल्टर काढण्याची वेळ एक क्षणही येणार नाही, पातळ ढगाआड सूर्य फिका दिसला तरीही.