सस्कॅचेवानचं पाणी: गार्डिनर धरण की शेततळं?

कॅनडाच्या दक्षिण सस्कॅचेवानात पाऊस बेताचाच. गार्डिनर धरण १९६७ साली झालं. ६४ मीटर उंच, मागे २२५ किलोमीटर लांबीचा डिफेनबेकर जलाशय. कालव्यालगत रान असेल तर बटाटासुद्धा घ्या. लांब असेल तर मात्र ते धरण नकाशातच बघायचं!

अशांना शेततळं. १९३५ च्या दुष्काळापासून केंद्र सरकारने त्याला हातभार लावला. वसंतात बर्फ वितळलं की ओघळांचं पाणी तळ्यात उतरतं, गुरांची सोय होते. गव्हाचं रान त्यावर भिजत नाही. बर्फच कमी पडलं तर तळं अर्धंच भरतं; मग उन्हाने आटत जातं, क्षार वाढतात आणि ते पाणी गुरांना बाधतं. तरी गुरं पाळणाऱ्याने आधी तळंच खणावं, असं माझं मत.