रेडियल प्लेट किट: प्लेट झकास, नटबोल्ट भंगार (३ स्टार)

एक पावसाळा काढला म्हणून आता लिहितोय, नाहीतर पहिल्या आठवड्यात ५ स्टार देऊन मोकळा झालो असतो. रत्नागिरीजवळ गावच्या घरामागे परड्यात हॅम रेडिओसाठी (हौशी बिनतारी संपर्क) ४० मीटर बँडची व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, लावलीय, साधारण १० मीटर उंच, तिच्या बुडाशी रेडियल्स (जमिनीवर चहूबाजूंना पसरायच्या वायरी) जोडायला ही प्लेट ऑनलाइन मागवली. प्लेट स्टेनलेसची, जाड, पाइपला यू-क्लॅम्पने घट्ट बसते, वीस बोल्टांची सोय, तक्रार नाही. पण सोबतचे बोल्ट लोहचुंबकाला कटकन चिकटले तेव्हाच शंका आली होती आणि श्रावण उजाडेपर्यंत सगळे तांबडेलाल. शेवटी हार्डवेअरवाल्याकडून एसएसचे आणून ग्रीस लावून बसवले.

दुसरं म्हणजे सोबतच्या कागदावर लिहिलंय प्रत्येक रेडियल बरोब्बर पाव वेव्हलेंग्थच (४० मीटर बँडला साधारण १० मीटर) हवी. अहो, ते हवेत टांगलेल्या रेडियल्सना. जमिनीवर पडलेली वायर मातीमुळे तशीही डिट्यून होते (जुळलेली फ्रिक्वेन्सी सरकते), तिथे इंच-इंच मोजत बसायचं कारण नाही. घरगुती वायरिंगची १ स्क्वेअर एमएमची वायर घेतली, कॉइल ९० मीटरचं, त्यात १० मीटरचे ९ झाले असते, मी ५ मीटरचे १८ केले, कारण तेवढ्याच वायरमध्ये आखूड पण जास्त केलेले बरे. १२० रेडियल्सचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो मीडियम वेव्ह ब्रॉडकास्ट स्टेशनांचा, आपल्याला सोळा-वीसच्या पुढे फायदा कमी कमी होत जातो.

पुरायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे जांभा, पहार मारली की ठिणगी उडते, म्हणून कुंपणाची जीआय तार वाकवून पिना केल्या आणि वायर गवतातच दाबून टाकली, महिन्याभरात गवत वर आलं नि दिसेनाशी झाली. तोवर आई रोज विचारायची, "हे काय कोळ्याचं जाळं मांडलंयस?"

आता गंमत. चार रेडियल्स असताना नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं मीटर) ५४ ओहम, एसडब्ल्यूआर १.१ (५० ओहमच्या केबलशी जुळणी, १ म्हणजे उत्तम), मी खूश. अठरा झाल्यावर ४२ ओहम, एसडब्ल्यूआर १.२! वाटलं बिघडवलं काहीतरी. मग डोक्यात प्रकाश पडला, आदर्श जमिनीवर पाव वेव्हचे साधारण ३६ ओहमच असतात, वरचे बरेचसे म्हणजे मातीत जाणारी पॉवर, म्हणजे तो सुंदर १.१ माती तापवून मिळालेला होता. अँटेनाची लांबी मात्र पुन्हा थोडी जुळवावी लागली, रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) सरकतो.

तर प्लेट घ्या, बोल्ट वेगळे घ्या, कागद फेकून द्या. गेल्या महिन्यात ग्रास कटरवाल्याने एक रेडियल उडवला, सतरा राहिलेत, मीटरवर काडीचा फरक नाही, त्यामुळे तो अजून जोडलेला नाही.