ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला कोणते ऑल-सीझन टायर घ्यावेत? टूरिंग, परफॉर्मन्स आणि ऑल-वेदर यांची तुलना

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी ओल्या चढावरून किंवा बर्फातून चटकन निघते आणि तिथेच टायरबद्दलचा अंदाज चुकतो. चारही चाकांना ताकद मिळते त्याचा फायदा निघताना आणि वेग घेताना होतो. थांबताना काही फायदा होत नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात. वळणावर गाडी रस्त्याला धरून ठेवायचं कामही रबरच करतं. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत टायर झिजला की निघतानाच चाक जागच्या जागी फिरतं आणि चालवणारा सावध होतो. ऑल-व्हील ड्राइव्ह ही सूचना मिळूच देत नाही. पकड संपल्याचं कळतं ते थेट ब्रेक मारल्यावर.

म्हणून या गाड्यांचा टायर आधी थांबण्याच्या ताकदीवर पारखावा. आणि एक टायर कसा आहे यापेक्षा चारांचा संच शेवटपर्यंत सारखा राहील का, हे बघावं. पुढची तुलना या दोन मुद्द्यांना धरूनच केली आहे.

नाव एक, टायर तीन तऱ्हेचे

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'एम+एस' लिहिलेलं असलं की टायर ऑल-सीझन म्हणून विकता येतो. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ही खूण ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या) रचनेवर, म्हणजे खाचा किती आणि मोकळी जागा किती यावर मिळते. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह मात्र चाचणीतून उतरल्यावरच मिळतं. उत्तर अमेरिकेत ते १९९९ मध्ये आलं. दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यासाठी नुसता एम+एस टायर ग्राह्य धरत नाहीत.

या चिन्हाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. उत्तर अमेरिकेतली चाचणी गाडी पुढे खेचण्याची पकड मोजते. ब्रेक आणि वळणं तिच्यात येत नाहीत. खेचण्याची अडचण ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला मुळातच कमी असते. तेव्हा हिमकणाचं चिन्ह ही पहिली पायरी समजा आणि त्यानंतर स्वतंत्र चाचण्यांमधले ब्रेकचे आकडे बघा. एकच गाडी, एकच साइज आणि एकाच दिवशी घेतलेली चाचणी असेल तरच त्या आकड्यांची तुलना करावी.

| | टूरिंग | परफॉर्मन्स | ऑल-वेदर |
|---|---|---|---|
| खूण | बहुधा फक्त एम+एस | बहुधा फक्त एम+एस | डोंगर-हिमकण |
| कोरडा रस्ता | शांत. स्टिअरिंग मवाळ | तिघांत सर्वांत नेमका | ठोकळे (ट्रेडवरचे उंचवटे) थोडे लवचिक |
| पाऊस | नवा असताना चांगला, झिजल्यावर फरक जाणवतो | वेगातही भरवशाचा | थंड पावसात फार चांगला |
| बर्फ | हलक्या थरापुरता | नवा असेल तोवर हलक्या थरापुरता | तिघांत सरस |
| आयुष्य | सर्वांत जास्त | सर्वांत कमी | मधलं. उष्ण हवेत लवकर झिजतो |

टूरिंग टायरचं रबर कडक असतं आणि ठोकळे सलग असतात. त्यामुळे आवाज कमी, इंधन कमी आणि आयुष्य जास्त. मिशेलिन डिफेंडर २ या वर्गातला. उत्तर अमेरिकेत त्याला ८०,००० मैलांची, म्हणजे सुमारे १,२८,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. पण हाच कडकपणा थंडीत अंगाशी येतो. पारा शून्याकडे सरकला की रबर ताठ होतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत जागांमध्ये बसत नाही आणि ब्रेकचं अंतर वाढतं. आयुष्य जास्त असण्याला आणखी एक बाजू आहे. हा टायर ४ मि.मी. खोलीच्या ट्रेडवर बराच काळ चालतो, आणि बर्फातली पकड नेमकी त्याच टप्प्यात गेलेली असते.

परफॉर्मन्स टायर जड, ताकदवान गाड्यांसाठी. कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस हे ओळखीचं उदाहरण. वॉरंटी ५०,००० मैल. त्याच्या ट्रेडमध्येच डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरलेली असतात. टायर झिजत जातो तसं आधी एस पुसलं जातं, म्हणजे बर्फातली पकड संपली. मग डब्ल्यू जातं, म्हणजे पावसातही आता जपून. गेज हातात नसलं तरी वाकून बघितलं की टायर कोणत्या हवामानापुरता उरला आहे ते समजतं. अशी सोय प्रत्येक टायरवर असायला हवी.

ऑल-वेदर टायरच्या ठोकळ्यांवर भरपूर बारीक चिरा असतात आणि रबर थंडीतही मऊ राहतं. बर्फ या चिरांमध्ये आणि खाचांमध्ये अडकतो, आणि बर्फाला बर्फ धरतो तसा टायर रस्ता धरतो. कोरड्या उष्ण रस्त्यावर याच चिरांमुळे ठोकळे वाकतात, स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो आणि झीज वाढते. मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ (वॉरंटी ६०,००० मैल), ब्रिजस्टोन वेदरपीक, नोकियन रेमेडी डब्ल्यूआरजी५ ही या वर्गातली नावं. क्रॉसक्लायमेटची नक्षी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, एकाच दिशेला फिरणारी असते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ही दिशा का महत्त्वाची ठरते ते पुढे येईलच.

अमेरिकी टायरच्या साइडवॉलवर '६४० बी ए' अशी श्रेणी दिसते. पहिला आकडा झिजेचा. सुमारे ७,२०० मैलांच्या ठरलेल्या चाचणीवरून तो कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. मधलं अक्षर ओल्या पकडीचं, पण ती चाक पूर्ण लॉक करून सरळ रेषेत मोजतात. एबीएस असलेल्या गाडीचं चाक लॉक होतच नाही. केवळ 'बी' दिसलं म्हणून चांगला टायर बाजूला टाकू नका.

चार टायर सारखे का लागतात

आकड्यांतच बघू. २२५/६५ आर१७ या साइजच्या टायरचा व्यास साधारण ७२४ मि.मी. आणि परिघ २,२७५ मि.मी. येतो. नव्या टायरचा ट्रेड ८ मि.मी. धरा. तीन टायर झिजून ५ मि.मी.वर आले आहेत आणि चौथा फाटला म्हणून नवा टाकला. त्रिज्येत फरक फक्त ३ मि.मी., पण परिघात तो १९ मि.मी. होतो. १०० किलोमीटरमध्ये झिजलेलं चाक नव्यापेक्षा साडेतीनशेहून जास्त फेरे घेतं. गाडी सरळ रस्त्यावर असते आणि आतले गिअर मात्र अखंड वळण घेतल्यासारखे काम करत राहतात.

हा फरक कुठे जातो ते गाडीच्या रचनेवर आहे. मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) आणि व्हिस्कस कपलिंग (तेलातून ताकद पुढे नेणारी जोडणी) असेल तर कपलिंगमधलं तेल तापून घट्ट होतं आणि पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना ओढू लागतात. मल्टि-प्लेट क्लच (एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचा) असेल तर प्लेटा सतत घसरतात, तेल जळतं, आणि पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना गाडी थरथरते किंवा अडखळते. हे लक्षण दिसलं की आधी चारही टायर मोजा, मग गिअरबॉक्सकडे वळा. मागच्या चाकांना वेगळी मोटर असलेल्या हायब्रिडमध्ये, उदाहरणार्थ टोयोटा रॅव्ह४ हायब्रिडमध्ये, पुढून मागे जाणारा शाफ्टच नसतो, त्यामुळे हा ताण येत नाही. तरी एकाच अ‍ॅक्सलवर लहानमोठे टायर नकोतच. तिथलं डिफरन्शियल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोन्ही गोंधळतात.

किती फरक चालतो? सुबारूची मर्यादा परिघात पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मि.मी. ट्रेडमध्ये मोजलं तर जेमतेम १ मि.मी. काही कंपन्या २ ते ३ मि.मी.पर्यंत चालवून घेतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम धरा. साइज तीच पण मॉडेल वेगळं असेल तर नव्याकोऱ्या टायरच्या खऱ्या व्यासातही काही मि.मी.चा फरक असतो, म्हणून पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी असंही करू नये.

खरेदीच्या वेळी याचा थेट उपयोग आहे. बंद होत आलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी दोन वर्षांनी त्याचा सुटा टायर मिळणार नाही, आणि एक फाटला की चारही बदलावे लागतील. चालू उत्पादनातलंच मॉडेल घ्या. सुटा नवा टायर घासून बाकीच्या तिघांच्या खोलीवर आणून देणारी यंत्रं असतात. तुमच्या आवाक्यात ती सोय आहे का, हे टायर घेण्याआधी विचारून ठेवा. पंक्चर ट्रेडच्या मधल्या भागात आणि ६ मि.मी.पर्यंतचं असेल तर टायर रिमवरून काढून आतून प्लग-पॅच लावला की तो पुढे वापरता येतो. खांद्याजवळचं किंवा साइडवॉलचं पंक्चर दुरुस्त करू नये.

साइज, भार आणि तारीख

'२२५/६५ आर१७ १०२एच' मधला १०२ म्हणजे एका टायरवर ८५० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. भाराचा आकडा गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ऑल-व्हील ड्राइव्हची यंत्रणा गाडीचं वजन वाढवते, आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची भर पडते. मूळ टायर एक्सएल (जास्त भार पेलणारा) असेल तर नवाही एक्सएलच हवा. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. चारही टायरवर हा आकडा बघा, संच जवळपास एकाच काळातला असू द्या.

कोणी काय घ्यावं

बर्फ कधीतरी पडतो, रस्ते लगेच साफ होतात आणि बहुतेक प्रवास महामार्गाचा असेल तर टूरिंग घ्या. मात्र ४ मि.मी.ला संच बदलायची तयारी ठेवा. बर्फ नाही, पण जोरदार पाऊस आणि वेगवान वळणांचे रस्ते आहेत, गाडीही ताकदीची आहे, तर परफॉर्मन्स. दर वर्षी काही आठवडे बर्फ किंवा शून्याजवळचा पाऊस असतो आणि दोन संच ठेवायचे नाहीत, तर ऑल-वेदर. संमिश्र हवामानातल्या बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना आमची शिफारस हीच राहील, कारण गाडीची ताकद जिथे उपयोगी नाही, म्हणजे थंड ओल्या रस्त्यावर थांबताना, तिथेच हा टायर मदत करतो. रस्ता आठवडेच्या आठवडे काचेसारखा गोठत असेल तर या तिघांतला एकही पुरणार नाही. तिथे वेगळ्या रिमवर चार हिवाळी टायरच लागतात. फक्त पुढचे किंवा फक्त मागचे हिवाळी टायर बसवू नका, वळणावर गाडी एका टोकाने सुटते.

बसवल्यानंतर

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. साइडवॉलवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी उतरलं की १ पीएसआय हवा कमी होते, म्हणून थंडी सुरू झाली की पुन्हा तपासा. डॅशबोर्डवरचा दिवा बऱ्याच गाड्यांत हवा २५ टक्के कमी झाल्यावरच लागतो, त्याच्या भरवशावर राहू नका. ८० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या.

रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला करायचंच. दिशा नसलेले टायर तिरके फिरवता येतात, त्यामुळे चारही कोपऱ्यांची झीज सारखी होत जाते. व्ही नक्षीचे टायर त्याच बाजूला पुढे-मागेच फिरतात. डाव्या-उजव्यातला फरक रोटेशनने भरून निघत नाही. असे टायर घेतले तर अलाइनमेंटकडे (चाकांच्या कोनांच्या जुळणीकडे) दुप्पट लक्ष हवं. दर वेळी ट्रेडवरून तळहात आधी फिरण्याच्या दिशेने आणि मग उलट फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीच्या दातांसारखं लागलं तर ठोकळ्यांची कड झिजते आहे. थोड्याच दिवसांत घूं घूं आवाज सुरू होतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

टायर बसवले त्याच दिवशी प्रत्येक टायरची खोली आत, मधे आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून किलोमीटरसह लिहून ठेवा. एकूण १२ आकडे. मधला आकडा कमी होत गेला तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा कमी झाल्या तर हवा कमी, एकच कड गेली तर अलाइनमेंट. आणि चार टायरमधला फरक १ मि.मी.कडे जाऊ लागला की पुढचं रोटेशन ठरलेल्या किलोमीटरची वाट न बघता करून घ्या.