जड शवपेटीसाठी आधी काय घ्यावं, फोल्डिंग ट्रॉली की हायड्रॉलिक लिफ्ट?

दोन्ही एकदम घेणं जमत नसेल तर आधी एवढंच बघा की तुमच्या माणसांना त्रास नक्की कुठे होतो, पेटी ढकलताना की उचलताना. माझ्या अनुभवात पाठ धरते ती बहुतेक वेळा उचलताना, म्हणजे पेटी खालून गाडीत घालताना नाहीतर गाडीतून काढून स्टँडवर ठेवताना.

हिशोब करून बघा ना, पेटी 60 किलोची आणि आतला माणूस 90 चा धरला तर झाले दीडशे. सहा जणांत वाटले तर 25 किलो, पण हे कागदावर, कारण डोक्याकडची बाजू जास्त जड असते आणि तिथल्या दोघांवर जास्त भार येतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेच्या 1991 च्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अगदी सोयीचं असेल तरी एका माणसाला 23 किलोच धरलेत, तेही वजन अंगाजवळ, न वळता, दोन्ही हातांनी उचलायचं. इथे आपण कडेने, एका हाताने, पाय जुळवत चालतो. लांबच्या प्रवासासाठी आत जस्ताचा पत्रा लावलेली पेटी असेल तर मग विचारूच नका.

फोल्डिंग ट्रॉली हलकी, जाळीच्या दारासारखी मिटते, एकटा माणूस गाडीत टाकू शकतो. सपाट फरशीवर तिच्यासारखं काही नाही, आवाजही होत नाही. पण ती उचलत नाही! पेटी तिच्यावर ठेवायची ती हातानेच. आणि चाकं बारीक असली तर खडीत रुततात, एकदा आमचं पुढचं चाक अडकलं आणि पेटी पुढे सरकली, घरचे लोक मागेच उभे होते, तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बाहेर वापरायची असेल तर मोठी, हवेची चाकंच घ्या.

हायड्रॉलिक लिफ्टला पायाने पंप मारायचा, कात्रीसारखे पाय उघडतात, पेटी गाडीच्या पाट्याच्या, म्हणजे पेटी ठेवायच्या फळीच्या, लेव्हलला आली की रोलरवरून आत सरकवायची, त्याआधी चारही चाकं लॉक, नाहीतर ढकलताना लिफ्टच मागे जाते. उतरवताना व्हॉल्व्ह हळूच सोडा. ती स्वतः जड असते, जिन्यावर कामाची नाही. तरी मी आधी हीच घेईन.

कबरीपाशी पेटी खाली सोडायला हाताने धरायचे पट्टे की लोअरिंग डिव्हाइस, म्हणजे पेटी उतरवणारी यंत्राची फ्रेम, हा वेगळा विषय. पट्ट्यांना सहा तयार माणसं लागतात आणि सगळ्यांनी एका वेगात सोडावं लागतं. डिव्हाइसला ब्रेक असतो, पेटी सावकाश, सरळ उतरते, फक्त त्याची फ्रेम टेकायला कबरीच्या कडा भक्कम पाहिजेत.

लिफ्ट बघायला जाताना टेप घेऊन जा. सगळ्यात खालची उंची किती, गाडीच्या पाट्यापर्यंत वर जाते का आणि प्लेटवर किती किलो लिहिलंय, हे स्वतः बघा आणि तो किलोचा आकडा तुमच्याकडच्या सगळ्यात जड, भरलेल्या पेटीपेक्षा बराच जास्त असेल तरच पैसे द्या.