घरासाठी काय घ्यावं: कागदी पुस्तकं, ई-रीडर की ऑडिओ?

‘ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र) घेऊ का?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःपुरता विचार करत असतो. पिशवीत वजन किती होईल, डोळे दुखतील का, कपाटात जागा उरली आहे का. एकट्या वाचकाला एवढं पुरतं. पण घरात आणखी दोन मोठी माणसं, एखादं शाळकरी मूल आणि चष्म्याचा नंबर वाढत चाललेले आजोबा असतील, तर आधी हे बघायला हवं की मी वाचून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती कसं पडणार. माझ्या मते कौल तिथेच लागतो.

या कसोटीवर कागदाला तोड नाही. पालथं ठेवलेलं पुस्तक जाता-येता कुणीही उचलतं, चार पानं वाचतं, आवडलं तर घेऊन जातं. एकाच कादंबरीत दोघांच्या खुणा असतात, एक दुमडलेलं तिकीट आणि एक केसांची पिन, आणि कोण पुढे गेलंय ते न विचारता कळतं. पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २७ देशांतल्या माहितीवर बेतलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की भरपूर पुस्तकं असलेल्या घरांतली मुलं, पुस्तकंच नसलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकली. पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय हिशेबात धरूनही हा फरक उरला. आता यावरून कुणी शेल्फ भरून टाकलं आणि मूल आपोआप शिकलं, असं होत नाही. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण ई-रीडरमधली पाचशे पुस्तकं मुलाला दिसतच नाहीत, हे तर अभ्यासाशिवायही कळतं.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत तर मी वाद घालणार नाही, कागदच घ्या. २०१९ साली ३७ पालक आणि त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, छापील पुस्तक वाचताना दोघांमध्ये गोष्टीबद्दल जास्त बोलणं झालं. टॅबलेटवर ते कमी झालं आणि ‘तिथे दाबू नको’ छापाचं बोलणं वाढलं. गोष्ट वाचून दाखवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. मूल पानाचा कोपरा आधीच चिमटीत धरून बसतं, आपण शेवटच्या शब्दापर्यंत पोचायच्या आत पान उलटतं, मग ‘मागचं परत’ म्हणतं. ही धरपकड म्हणजेच निम्मं वाचन असतं, आणि काचेवर ती होत नाही.

अभ्यासाच्या पुस्तकांनाही कागदच बरा. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ संशोधनांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये आला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला आणि वेळेची घाई असताना हा फरक आणखी वाढला. गोष्टीरूप मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे शाळेचं पुस्तक छापील असू दे, कादंबरी कशावरही वाचा.

मग ई-रीडर कुणासाठी? सगळ्यात आधी आजोबांसाठी. हे उत्तर ऐकून लोक दचकतात, कारण यंत्र म्हटलं की ते तरुणांना असं आपण गृहीत धरतो. पण अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं ही सोय कुठल्याच छापील पुस्तकात नाही, आणि जाडजूड पुस्तक धरून मनगट दुखत असेल तर हातातलं वजनही कमी होतं. ई-रीडरला असतो तो ई-इंकचा पडदा म्हणजे सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली सरकतात आणि मग जागच्या जागी राहतात. त्यामुळे मुख्यतः पान बदलतानाच वीज लागते आणि बॅटरी आठवड्यांच्या हिशेबात चालते. पडद्याचा दिवा कडेने पानावर पडतो, फोनसारखा मागून डोळ्यांत येत नाही. झोपण्याआधी पडद्यावर वाचलं की झोप उशिरा लागते, यासाठी जो २०१५ सालचा प्रयोग नेहमी सांगितला जातो, तो चमकत्या पडद्याच्या टॅबलेटवर झाला होता, ई-इंकवर नव्हे. ‘ई-रीडरने झोप उडते’ असं त्याच्या जोरावर सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

ई-रीडरची खरी अडचण वेगळीच आहे, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. तो कंपनीकडच्या तुमच्या खात्याला बांधलेला असतो. एका खात्यावर दोघांनी एकच पुस्तक वाचायला घेतलं, की यंत्र विचारतं, ‘सर्वांत पुढच्या पानावर जाऊ का?’ चुकून हो म्हटलं की तुम्ही थेट बायको पोचली त्या प्रकरणात, आणि खुनी कोण ते कळून मोकळे. कौटुंबिक खाती जोडता येतात, मुलांसाठी वेगळी प्रोफाइल करता येते; पण हे सगळं घरातल्या कुणीतरी एकाने सांभाळावं लागतं. मैत्रिणीला पुस्तक द्यायचं तर सोय नाही. शिवाय तुम्ही विकत घेता तो वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून (ॲमेझॉनच्या ई-रीडरवरून) दुरूनच काढून टाकली. पैसे परत दिले आणि नंतर माफीही मागितली, तरी कपाटातून पुस्तक असं कुणी काढून नेत नाही.

फोनवर वाचावं का? रांगेत उभं असताना जरूर. घराचं वाचन त्यावर उभं राहत नाही, कारण फोन हातात घेतलेला माणूस वाचतोय की आणखी काही करतोय, हे समोरच्या मुलाला ओळखता येत नाही.

ऑडिओला, म्हणजे वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांना, हलक्यात घेणाऱ्यांचं म्हणणं मी आधी सांगते: ‘ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.’ असेल. पण २०१६ च्या एका प्रयोगात एकाच पुस्तकाचा भाग काहींनी ऐकला, काहींनी वाचला, काहींनी दोन्ही एकदम केलं, आणि समजण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. घरासाठी त्याचा मोठा गुण असा की चौघांनी एकाच वेळी एकच पुस्तक अनुभवायचा एवढा सोपा मार्ग दुसरा नाही. मात्र स्पीकर लावा. प्रत्येकाच्या कानात वेगळे इयरफोन गेले की ऑडिओ सगळ्यांत एकलकोंडा होतो. अजून नीट वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच्या वाचनापेक्षा वरची गोष्ट ऐकून समजते, तिथेही त्याचा उपयोग. वेळेचा अंदाज हवा असेल तर साधारण वेगाने तासाला नऊ हजार शब्द धरा, म्हणजे ९०,००० शब्दांची कादंबरी दहा तासांची. मागे जाऊन एखादं वाक्य शोधायचं असेल तेव्हा मात्र जीव मेटाकुटीला येतो.

माझा सल्ला घरातल्या धाकट्याकडे बघून ठरतो. मूल दहाच्या आत असेल तर पैसे छापील पुस्तकांवर घाला, ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या आणि लांबच्या प्रवासासाठी ऑडिओ ठेवा. मुलं मोठी झाली असतील आणि घरात कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी एक-दोन माणसं असतील, तर एक ई-रीडर घ्या, पण एकालाच द्या. ‘सगळ्यांसाठी मिळून एक’ घेतलेला ई-रीडर महिन्याभरात कुणाचाच राहत नाही.

मराठी वाचणार असाल तर आणखी एक तपासणी. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, पण जुनी मराठी पुस्तकं बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच सापडतात. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं, सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं होतं आणि मोठं केलं की ओळ बाहेर जाते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे वळतो. तेव्हा पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं ॲप फोनवर उतरवा, एका मराठी पुस्तकाचा फुकट नमुना उघडा, अक्षर सगळ्यांत मोठं करा आणि जोडाक्षरं फुटतात का ते बघा. जमलं तर तोच फोन आजोबांच्या हाती द्या आणि दोन पानं वाचून दाखवायला सांगा.