जागलीवर काय वाचावं: मांगा, मंगळ की डार्सी?

हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरांपायी रात्र वावरातच काढावी लागते. यंदाच्या जागलीत मी तीन पुस्तकं वाचली. तिन्ही इंग्रजीतून, तिन्ही अकोल्यात शेतकी शिकणाऱ्या भाचीची. वेळ एकाच पुस्तकापुरता असेल तर कोणतं घ्यावं, हे माझ्यापुरतं सांगतो.

हिरोमु आराकावांच्या 'सिल्व्हर स्पून' या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, पहिली पाचसहा पानं मी डावीकडून वाचली. उत्तर आधी, प्रश्न नंतर. भाचीला फोन लावला तर म्हणते, "मामा, मांगा हाये ते, मांगूनच वाचा लागते!" शेवटच्या पानापासून, उजवीकडून डावीकडे. एका रात्रीत सवय होते.

गोष्ट जपानच्या होक्काइडो बेटावरल्या शेतकी शाळेची. परीक्षांना विटलेला शहरी हाचिकेन तिथं येतो आणि एका मरतुकड्या डुकराच्या पिलाचं नाव 'बुटाडोन' ठेवतो, म्हणजे भातावर वाढतात ते डुकराचं मटण. पुढं ते पिल्लू कापलं जातं आणि हा स्वतःच्या मजुरीच्या पैशातून त्याचं मांस विकत घेतो. समोर धुऱ्यावर डुकरं हाकलत मी हे वाचत होतो, आणि चक्क घसा दाटला.

पण खरी गोष्ट कर्जाची आहे. हाचिकेनच्या वर्गातल्या कोमाबाच्या घरचा दुधाचा धंदा बुडतो, गाई जातात, पोराची शाळा आणि बेसबॉल दोन्ही सुटतं. त्यांना जामीन राहिलेल्या, वर्गातल्याच मिकागेच्या घरच्यांना घोडे विकावे लागतात. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून भावाभावांचं बोलणं तुटलेलं आपण पाहिलं आहे. जपानातही तेच, हे मला ठाऊक नव्हतं. लेखिका स्वतः होक्काइडोच्या गोठ्यात वाढलेली, म्हणून शेण, पान्हा, पहाटेचं उठणं कुठंच खोटं वाटत नाही. खोट एवढीच की खाण्यापिण्याची प्रकरणं फार. मालिका 2011 ते 2019 खंड पडत पडत चालली; 15 भागांपैकी शेवटचे मला घाईत उरकल्यासारखे वाटले.

अँडी वीअरच्या 'द मार्शियन'मधला मार्क वॉटनी मंगळावर एकटा अडकतो आणि स्वतःच्या विष्ठेचं खत करून बटाटे लावतो. किती झाडं, किती बटाटे, किती दिवस पुरतील, हा हिशेब वाचताना मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. मग एका स्फोटात हवा निघून जाते आणि उभं पीक गोठून मरतं. गारपिटीनंतरची सकाळ आठवली. फरक असा की वॉटनीला रडायला वेळच नाही, लगेच विनोद. तिथंच तो मला परका वाटला. शिवाय ज्या वादळानं गोष्ट सुरू होते तेच पटत नाही: मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास, इतकी विरळ; ती माणूस कशी उडवणार? तिथल्या मातीतल्या पर्क्लोरेट या विषारी क्षाराचाही पत्ता नाही. तरी रात्री झोप उडवायला यासारखं दुसरं नाही.

तिसरं, जेन ऑस्टिनचं 1813 सालचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. इंग्रजी जड, टॉर्चच्या उजेडात एकेक वाक्य तीनदा वाचावं लागलं. प्रेमकथा म्हणतात, पण पहिल्यापासून बोलणं स्थळांचं आणि उत्पन्नाचं: नायक डार्सीला वर्षाला 10,000 पौंड. नोकरीवाला पाहिजे, वावरवाला नको, हे ऐकून ऐकून तिशी ओलांडलेल्या आपल्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. मला नायिका एलिझाबेथपेक्षा तिची मैत्रीण शार्लोट आवडली. घर मिळावं म्हणून बावळट नवरा करते आणि तसं सरळ सांगते. डार्सी मात्र एलिझाबेथच्या बहिणीला पळवून नेणाऱ्या विकहॅमची देणी गुपचूप फेडतो. गाजावाजा न करता झालेली कर्जमाफी मी याच पुस्तकात पाहिली.

तर पैसे एकाच पुस्तकाचे असतील तर 'सिल्व्हर स्पून'चा पहिला भाग, तोही छापील. मोबाइलवर फुग्यांतली अक्षरं बारीक होतात आणि पडद्याच्या उजेडानं डोळे दिपले की धुऱ्यावरचं डुक्कर दिसत नाही. रातपाळी एकट्याची असेल तर 'मार्शियन'. ऑस्टिन उन्हाळ्यासाठी ठेवा, वावर रिकामं असतं तेव्हा.