विचर ३ : सहा महिने आणि एक अख्खा पावसाळा खेळल्यानंतर

रत्नागिरी तालुक्यातलं समुद्रालगतचं घर, साधा डेस्कटॉप आणि मे ते नोव्हेंबर हा काळ. मुख्य कथा आणि नंतर आलेली दोन्ही एक्सपान्शन (मोठे जोडभाग) धरून दीडशे तासांच्या वर खेळ झाला. आधीच सांगतो : राक्षस-भुतं मारणाऱ्या शिकाऱ्याचा हा कॉम्प्युटर गेम ‘नकाशा केवढा मोठा’ म्हणून घेऊ नका. याची खरी ताकद छोट्या कामांत आहे, आणि ती नीट अनुभवायची तर सुरुवातीलाच काही सेटिंग बदलावी लागतात.

पाटीवर लावलेली किंवा गावकऱ्यांनी सांगितलेली कामं हा या गेमचा प्राण. पहिल्याच भागातलं, व्हाइट ऑर्चर्डमधलं विहिरीचं काम घ्या. एका माणसाची मुलगी आजारी आहे, तिला स्वच्छ पाणी हवंय, पण विहिरीवर भरदुपारी एक बाई दिसते. दुपारी बाराच्या टळटळीत उन्हात विहिरीवर जाऊ नये, हे ऐकत लहानाचे मोठे झालेल्या कोकणातल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. उजाड पडलेल्या झोपडीत डायरी सापडते. विहिरीत लटकणाऱ्या प्रेताचा एक हात गायब आहे. खाली पाण्यात उतरून कंकण शोधायचं आणि ते प्रेतासोबत जाळायचं, मगच ती लढायला समोर येते. इथे बहुतेक जण मार खातात, कारण कामाची सुचवलेली लेव्हल ७ आणि तुम्ही जेमतेम २-३ वर असता. तलवारीला आधी स्पेक्टर ऑइल, म्हणजे भुतांवरचं तेल लावा. जमिनीवर यर्डन (जादूचं वर्तुळ) टाका आणि ती त्या वर्तुळात आली की मगच वार करा. बाहेर ती धुरासारखी असते, घाव जवळजवळ लागतच नाही. मध्येच तिची तीन रूपं होऊन भोवती फिरायला लागतात आणि तिची ताकद परत भरते. तेव्हा मूळ बाईच्या मागे न लागता पुन्हा यर्डन टाकून आधी ती रूपं फोडा.

चौकशी, तयारी, मग लढाई हा क्रम गेमभर टिकतो. डिफिकल्टी मात्र तिसरी ठेवा. पहिल्या दोनमध्ये ध्यानाला बसलं की तब्येत आपोआप भरते, त्यामुळे तेल, काढे, बॉम्ब यांची गरजच उरत नाही आणि निम्मा गेम वाया जातो. काढे एकदाच बनवायचे. पुढे ध्यान लावलं की जवळच्या कडक दारूतून ते परत भरतात, म्हणून अल्कोहेस्ट ही दारू विकू नका.

दुसरं सेटिंग मिनीमॅपचं, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाचं. तो चालू असला की नजर कोपऱ्यातल्या ठिपक्यांच्या रेषेवरच खिळते आणि रस्ता बघितलाच जात नाही. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून लढाई नसताना तो आपोआप लपवायची सोय आहे, ती लगेच चालू करा. मग वेलेन या दलदलीच्या प्रदेशात मळभ येऊन झाडं एका बाजूला झुकायला लागली की लक्ष तिकडे जातं. दलदलीतले ड्राउनर (पाण्यातले राक्षस) बघून तर खाडीतल्या गिऱ्ह्याच्या गोष्टी आठवतातच.

गेममधली स्केलिगेची बेटं कोकणच्या डोळ्यांनी बघितली तर दोन गोष्टी खटकतात. समुद्राला भरती-ओहोटी नाही, आणि शिडाचं होडकं वारा कुठूनही असला तरी त्याच वेगाने पळतं. पण वादळात लाटा उंचावतात तेव्हा होडी खरोखर हलते, आणि खडकावर पुन्हा पुन्हा आपटली तर फुटते. नकाशात पाण्यावर दिसणारी प्रश्नचिन्हं बहुतेक बुडालेल्या चोरट्या मालाची आहेत, त्यात तेच ते सामान. सगळी गोळा करायला जाऊ नका. ओझ्याची मर्यादा सुरुवातीला ६० असते, ती अशानेच भरते. नकाशावरचा डीफॉल्ट फिल्टर ही चिन्हं लपवतो, तोच राहू द्या. सायरन (पंख असलेल्या जलपऱ्यांसारख्या राक्षसिणी) अंगावर आल्या तर पाण्यात बुडी मारून क्रॉसबो चालवा, एका बाणात मरतात.

आता मशीन. १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपरवर १०८०पी हाय सेटिंगला, हेअरवर्क्स (केसांचा खास इफेक्ट) बंद ठेवून, सेकंदाला ६० फ्रेम्स मिळतात, पण डीएक्स११ वर, म्हणजे ग्राफिक्सच्या डायरेक्टएक्सच्या जुन्या आवृत्तीवर. डीएक्स१२ वर नोव्हिग्राड शहराच्या बाजारात शिरलं की अडखळतं. लाँचर टाळून थेट ‘बिन’मधल्या ‘एक्स६४’ फोल्डरमधली फाइल चालवली की डीएक्स११ सुरू होतं.

पावसाळ्यात वीज हा मोठा प्रश्न. घरच्या इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर नसेल तर लाइट गेल्या क्षणी पीसी बंद पडतो. मोड बदलला तरी इन्व्हर्टर साइन वेव्हच हवा, स्क्वेअर वेव्हवर पीसीचा चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गुणगुणतो किंवा रिस्टार्ट होतो. आणखी एक अडचण अशी, की यूपीएस मोडला व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते. लाइनच्या टोकाच्या वाडीत व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की लाइट असूनही सगळं बॅटरीवर चालतं आणि खरी वीज जाते तेव्हा बॅटरी रिकामी. १५० एएचच्या बॅटरीवर पीसी, मॉनिटर, पंखा धरून दोन-अडीच तास मिळाले. एफ५ दाबून सेव्ह करायची सवय लावा, पण लढाई चालू असताना सेव्ह होत नाही हे लक्षात असू द्या. डॉक्युमेंट्समधलं ‘गेमसेव्ह्ज’ फोल्डर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या.

खाऱ्या वाऱ्याने हीटसिंकवर धूळ चिकट होऊन बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. मशीन पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने महिन्यातून एकदा साफ करा. मशीन पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा आणि खेळायचं नसलं तरी रोज अर्धा तास चालू करा, आतला दमटपणा निघतो.

विक्रीचं म्हणाल तर १९ मे २०१५ ला आलेल्या या गेमच्या पहिल्या दोन आठवड्यांत ४० लाख प्रती गेल्या, मे २०२३ पर्यंत आकडा ५ कोटींवर. स्कायरिम हा गेम ६ कोटींच्या पुढे आहे, तो मॉड्स (खेळाडूंनी केलेले बदल) आणि मोकळ्या भटकंतीवर टिकला. एल्डन रिंग या गेमने तीनेक आठवड्यांत १ कोटी २० लाख गाठले ते कठीणपणाच्या जोरावर. विचर टिकला तो जुन्या ग्राहकाला धरून राहिल्यामुळे : १६ छोटे डीएलसी (जोडभाग) फुकट, सात वर्षांनी आलेलं मोठं अपडेटही फुकट, आणि सेलमध्ये पूर्ण आवृत्ती पाव किमतीत. मराठी-हिंदी सबटायटल नाहीत, ही उणीव मोठी आहे. इंग्रजी संवाद भरपूर आहेत, अक्षरांचा आकार मोठा करून घ्या.

नेट कमी असेल तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घ्या. तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर तुकड्यांत मिळतो, एखादा तुकडा अडकला तर तेवढाच परत उतरवायचा. गणपतीच्या आधी मुंबई-पुण्याला जाणं झालं तर तिथल्या चांगल्या नेटवर आपल्याच खात्यातून हार्ड डिस्कवर घेऊन यावा. इन्स्टॉल करायला ५० जीबी मोकळी जागा लागते, इन्स्टॉलरची जागा वेगळी.